कबरस्थानातले गवत आणि भिंतीपलीकडचे घर



२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी बेळगावातल्या कबरस्थानांत विळे-कोयते निघतात. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे; चार महिन्यांत कबरींवर कमरेएवढे गवत चढते. ते कापायचे, कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी ओढायची, ही आपली जुनी रीत. यंदा ढीग झाला, पण काडी ओढण्यावरून आम्हा स्वयंसेवकांत वाद झाला.

कारण साधे होते. भिंतीला लागूनच आता घरे आहेत. तिथल्या एक मावशी गेटपाशी येऊन म्हणाल्या, "आज पेटवणार असाल तर आधी सांगा. नातवाला दमा आहे, त्याला दोन दिवस बहिणीकडे नेऊन ठेवते." तक्रार नाही, भांडण नाही. आमच्यातले एक वडीलधारे काका मात्र म्हणाले, "आजोबांपासून जाळतोय. आणि जागा आपली आहे, रस्त्यावर थोडंच पेटवतोय?"

काकांचे पहिले म्हणणे खोटे नाही. पण आजोबांच्या ढिगात गवत, काटक्या आणि सुकलेला झेंडू असायचा. आजच्या ढिगात प्लास्टिकची फुले, हारांचे नायलॉनचे दोरे, पुष्पचक्रांचा थर्मोकोल आणि मेणबत्त्यांची वेष्टने असतात. ते जळले की विषारी वायू निघतात. नुसते गवत असले तरी पावसाळ्यानंतर ते आतून ओले असते. भडकत नाही, रात्रभर धुमसते. त्या धुरातले अतिसूक्ष्म कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. शिवाय थंडीच्या पहाटे धूर वर चढत नाही, गल्लीतच साचून राहतो.

आता जागेचा मुद्दा. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत, आपल्या आवाराबाहेर रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळू नये, असे होते. बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवावा, असेही होते. काकांनी 'आवाराबाहेर' हा शब्द बरोबर पकडला! पण त्याच वर्षी, २२ डिसेंबर २०१६ ला, राष्ट्रीय हरित लवादाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण बंदी केली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली.

दंडाच्या भीतीने थांबणे वाईट नाही, पण आपल्यासाठी याहून जुना नियम आहे. निर्गम २२:६ उघडून पाहा. कोणी विस्तव पेटवला, तो काटेरी झुडपांत पसरला आणि शेजाऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर पेटवणाऱ्याने भरपाई द्यायची. आपल्या जागेत विस्तव पेटवणे पाप आहे, असे तिथे म्हटलेले नाही. त्याचा हेतू काय होता, हेही विचारलेले नाही. विस्तव बांध ओलांडून गेला, एवढेच पुरे. सुड्या मोजता येतात, परत देता येतात. दम्याने जागून काढलेली पोराची रात्र कशी मोजून द्यायची, हे मला तरी सांगता येणार नाही.

म्हणून आगच नको, असे कोणी समजू नये. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवली होती (योहान २१). पास्काच्या जागरणाला आपण चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतो. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतो. त्याला एक घमेले पुरते. परड्यातली न्हाणीची चूल तर अजून कित्येक घरांत आहे. आमचा वाद कचऱ्याच्या ढिगाबद्दल होता.

शेवटी यंदा पेटवले नाही. कोवळे गवत एक गवळी दोन खेपांत म्हशींसाठी घेऊन गेला. जाडेभरडे त्याने हात लावून टाकून दिले. त्यासाठी वाटेपासून लांब तीन फूट खोल खड्डा खणला, थरांमध्ये शेणकाला ओतला. वाट सोडून लांब खणला, कारण ढिगात साप येतात ही बायकांची भीती अगदी रास्त होती. प्लास्टिक निवडून दोन पोती भरली, ती घंटागाडीत दिली. काम एक दिवस वाढले आणि कुरकुरही झाली. काकांचे मत अजून "पुढच्या वर्षी बघू" असेच आहे.

खत व्हायला सहा महिने ते वर्ष लागेल. मधूनमधून खड्डा वरखाली करावा लागतो, त्यासाठी येत्या शनिवारी सकाळी सात वाजता दोघे-तिघे फावडे घेऊन यावेत. आणि कबरीवर फुले आणाल ती खरी आणा, प्लास्टिकचे वेष्टन घरीच काढून.