तहात गेलेले गंगाळ

30 डिसेंबर 1803 रोजी आमच्या अंजनगाव सुर्जीला इंग्रजांशी तह झाला आणि दौलतराव शिंद्यांना गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर एवढा मुलूख सोडावा लागला. गेल्या वर्षी आमच्या न्हाणीतही एक तह झाला. त्यात मी आईचे गंगाळ सोडले.

कारण आईचे गुडघे. "मले आता पाटावर बसनं होत नाई रे बापू," ती म्हणाली. तेव्हा गंगाळाच्या जागी फवारा बसवायचे ठरले. नळकाम करणारा वर बघून म्हणाला, "भाऊ, टाकी उंच न्या लागते." खोटे नव्हते. 10 मीटर उंचीचे पाणी चौरस सेंटिमीटरला 1 किलोचा दाब देते. आमची टाकी फवाऱ्याच्या जेमतेम 2 मीटर वर! मग चौथरा आला, नळ्या आल्या, फरशी आली. पैसे कमी पडले तेव्हा आईनेच आंदणातले गंगाळ पुढे केले. मोडीच्या तागडीत तिचे माहेर तोलले गेले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून तिला खुर्चीवर बसवले आणि फवारा सोडला. ती अंग चोरून बसली.

"काय झालं?"

"काई नाई. पावसात बसल्यावानी वाटते. पाठीवर पानी घालनारं कोनी नाई."

मी तोटी बंद केली, बादली भरली आणि तांब्या घेतला.

"आता झाली दिवाई," ती म्हणाली.

खुर्ची आणि तांब्या तर पहिल्यापासून घरातच होते.