मुबारक, पण कशाबद्दल?

आमची थोरली नर्स आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तिने जर्मन शिकायचं मनावर घेतलं. तिथे नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी-२ पातळीपर्यंत भाषा यावी लागते. सहा पातळ्यांतली ही चौथी. ड्युटीवरून आली की रात्री ऑनलाइन क्लास, आणि सकाळी पाठांतर घ्यायला मी. वही माझ्या हातात, ती भाकऱ्या थापत उत्तरं देणार. असं करता करता थोडी जर्मन मलाही आली. त्यातला एक शब्द माझा फार लाडका झाला. ग्ल्युकवुन्श. म्हणजे अभिनंदन, मुबारकबाद.

जर्मनमध्ये प्रत्येक नाम तो, ती की ते हे पाठ करावं लागतं. तो म्हणजे देअर, ती म्हणजे दी, ते म्हणजे दास. उर्दूत दोनच लिंगं, पण मराठीत आपल्याकडेही तीन आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही. ग्ल्युकवुन्श हा जोडशब्द आहे. ग्ल्युक म्हणजे नशीब, आणि सुखसुद्धा. दोन्हींना एकच शब्द. वुन्श म्हणजे इच्छा. ग्ल्युक आहे ‘ते’, वुन्श आहे ‘तो’. मग जोडशब्दाचं काय? नियम सोपा आहे: शेवटचा शब्द ठरवतो. म्हणून देअर ग्ल्युकवुन्श, तो. आपल्याकडेही तसंच. फूल ते, पण फुलदाणी ती. पोळी ती, पण पोळपाट तो. आणि ‘शुभेच्छा’ स्त्रीलिंगी, कारण तिच्या शेवटी इच्छा आहे.

मला यात एक शहाणपण दिसतं. दुसऱ्याला नशीब किंवा सुख देणं माणसाच्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती इच्छा. शब्दाची सूत्रंही इच्छेकडेच आहेत.

हा शब्द सहसा एकटा येत नाही. ‘हेर्त्सलिशन ग्ल्युकवुन्श’ असं म्हणतात. हेर्त्स म्हणजे हृदय. आपलं ‘हार्दिक’ हृदयातूनच आलं आणि उर्दूतली ‘दिली मुबारकबाद’ दिलातून. तिन्ही भाषांनी एकाच ठिकाणी हात ठेवला. इथे थोरलीने विचारलं होतं, ‘अम्मी, शब्द देअर आहे, तर हेर्त्सलिशर हवं. हेर्त्सलिशन का?’ उत्तर तिच्या शिक्षिकेने दिलं. पूर्ण वाक्य ‘मी तुला हार्दिक अभिनंदन पाठवते’ अशा घाटाचं आहे. त्यात अभिनंदन हे कर्म, आणि पुल्लिंगी कर्माच्या विशेषणाला शेवटी ‘न’ लागतो. पुढे बोलताना ‘मी तुला पाठवते’ गळून गेलं, ‘न’ मात्र राहिला. ‘गुटन मॉर्गन’ या सकाळच्या नमस्कारातला ‘न’सुद्धा असाच मागे राहिलेला. शुभेच्छा देणारा बोलण्यातून गेला, तरी एका अक्षरात तो अजून उभा आहे.

नर्सला या शब्दाबरोबर आणखी एक शब्द शिकावा लागतो. बायलाइट, म्हणजे दुःखात सहभाग. तो दास आहे, म्हणून तिथे ‘हेर्त्सलिशेस बायलाइट’ म्हणायचं. बाळंतिणीच्या खाटेपाशी हेर्त्सलिशन आणि मयताच्या नातेवाइकांसमोर हेर्त्सलिशेस. हृदय तेच, शेवट तेवढा वेगळा. हे दोन्ही तिने वहीच्या एकाच पानावर लिहिले होते.

मला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. ग्ल्युकवुन्शनंतर ‘त्सू’ येतो, आणि त्याच्यापुढे कारण. वाढदिवस पुल्लिंगी, म्हणून ‘त्सुम गेबुर्ट्सटाग’. लग्न स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्सुअर होखत्साइट’. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो कामगार जर्मनीत गेले, त्यामुळे तिथे आपल्या रमजान ईदलाही नाव मिळालं: ‘त्सुकरफेस्ट’, साखरेचा सण. साखर पुल्लिंगी, सण नपुंसकलिंगी, म्हणून पूर्ण शब्द नपुंसकलिंगी. आणि परीक्षा पास झाल्यावर ‘त्सुअर बेश्टान्डेनन प्र्युफुंग’, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या परीक्षेबद्दल.

आपल्याकडेही मुबारक कशाकशाची देतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. मंगनी, निकाह, अकीका, हज, नवं घर. गेल्या वर्षी धाकटीची मंगनी झाली तेव्हा दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. थोरलीच्या बाबतीत फोन आले, नाही असं नाही. पण त्यांत प्रश्न होते. इतक्या लांब एकटी कशी राहील? थंडी सोसेल का? हलाल मिळतं का तिथे? आणि लग्नाचं काय? प्रश्न काळजीचेच होते आणि त्यांतले निम्मे माझ्याही पोटात होते. पण दीड वर्ष रात्रपाळी करून, डोळ्यांवर पाणी मारून जी मुलगी शिकली, तिच्या त्या मेहनतीच्या नावाने मुबारक म्हणणारं कुणी नव्हतं.

माझ्या सासूबाईही गप्प होत्या. त्यांचं कारण वेगळं होतं. काम होण्याआधी मुबारक द्यायची नाही, तोवर इन्शाअल्लाह म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता. थोरलीने त्यांना सांगितलं, ‘दादी, जर्मन लोकही तुझ्यासारखेच. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिलेल्या त्यांना चालत नाहीत, अपशकुन मानतात.’ सासूबाई म्हणाल्या, ‘शकुन-अपशकुन काही नसतं गं. पण पिकण्याआधी आंबा पाडू नये.’

बी-२चा निकाल एका दुपारी मोबाइलवर आला. थोरली पास होती. सासूबाईंनी मला कागद मागितला आणि त्यांचे शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. दोनदा मनाशी वाचले. मग तिला समोर बसवलं आणि सावकाश म्हणाल्या, ‘हेर्त्सलिशन ग्ल्युकवुन्श.’ पुढचं ‘त्सुअर बेश्टान्डेनन’ त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून कागद बाजूला ठेवून त्यांनी कारण आपल्या भाषेत सांगितलं: ‘तुझ्या परीक्षेबद्दल. आणि रात्री जागलीस त्याबद्दल.’

थोरली रडली. मंगनीला कुणी रडलं तर आपल्याला नवल वाटत नाही. हे रडणंही मला त्याच जातीचं वाटलं. व्हिसा अजून यायचा आहे. ती गेली की घर रिकामं वाटणार आहे, हेही खरं. व्हिसाची मुबारक सासूबाई आताच देणार नाहीत, मीही नाही. पण जे झालं आहे त्याची राहून जाऊ नये. आणि ती देताना कशाबद्दल, तेही नाव घेऊन सांगावं. ऐकणाऱ्या मुलीला नेमकं तेच ऐकायचं असतं.