आपाच्या मापाचा पुतळा

आमच्याकडच्या बायका शिंप्याकडे सहसा माप द्यायला जात नाहीत, मापाचा ड्रेस द्यायला जातात. अंगाला नीट बसलेला एखादा जुना कुर्ता असतो. नव्या कापडाबरोबर तो पिशवीत घालून दुकानात ठेवायचा आणि सांगायचं, 'याच्यासारखाच, फक्त बाही दोन बोटं लांब.' अंगाला टेप लागत नाही, फार बोलावंही लागत नाही. पडद्याची सोय म्हणा की लाज म्हणा, पद्धत चांगली चालते. अट एकच, शरीर त्या कुर्त्याइतकंच राहिलं पाहिजे.

माझ्या आपाचं राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा उजवा स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या. अल्हम्दुलिल्लाह, आज ती बरी आहे. पण कपाटातले सगळे मापाचे कुर्ते खोटे ठरले. उजवीकडे कापड झोळीसारखं लोंबायचं आणि गळा एका बाजूला ओढला जायचा. नवं माप द्यायचं तर कुणासमोर उभं राहायचं? वर्षभर ती घरातही मोठी ओढणी लपेटून वावरली. मग एक दिवस म्हणाली, "मैंच सी लेती." पायमशीन घरात होतंच. कमी होती ती पुतळ्याची आणि धड इस्त्रीची. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, शिवण निव्वळ हौसेचं. तरी शोधाशोध माझ्याकडे आली.

लक्ष्मी रोडवर दुकानांच्या दारात साडी नेसून उभे असतात ते फायबरचे पुतळे शिवणाच्या कामाचे नाहीत. त्यांच्यात टाचणी घुसत नाही, आणि तशी कंबर मी तरी कुणा बाईची पाहिलेली नाही. शिवणक्लासात ज्याला डमी म्हणतात तो वेगळा. आत फोम, वर ताणलेलं जर्सीचं कापड, खाली दांडा. तिसरा प्रकार चाव्यांचा. छाती, कंबर, सीट यांच्या चाव्या फिरवल्या की पुतळा फाकतो. ऐकायला छान वाटतं, पण मध्ये फटी पडतात, आणि ३४ चा ३८ केला तरी खांदे तेवढेच राहतात. चार गिऱ्हाइकांचं शिवणाऱ्या बाईला तो ठीक आहे. एकटीसाठी घ्यायचा असेल तर साधा फोमचा घ्यावा आणि आपल्यापेक्षा एक साइज लहान घ्यावा. लहानावर कापूस बांधून वाढवता येतं, मोठा छाटता येत नाही.

पण या सगळ्या पुतळ्यांचं डावं-उजवं तंतोतंत सारखं असतं. खरं तर कुणाच्याच अंगाचं नसतं. रोज एका खांद्यावर पर्स अडकवणाऱ्या आम्हा मास्तरणींचे खांदे बघा. आपासाठी तर बाजारातला कुठलाच पुतळा उपयोगाचा नव्हता.

त्यात अम्मी. "घर में पुतला नई चैये. फरिश्ते नई आते." मी वाद घातला नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "सर है क्या उसको?" सर नाही, हात नाहीत, म्हटल्यावर गप्प झाली. डोकं नसलेल्या आकृतीला तस्वीर मानत नाहीत, हे मत फिक्हच्या जुन्या किताबांतही आहे. अम्मीने किताब वाचलेला नाही, पण प्रश्न नेमका तोच विचारला. (पुतळ्यांची धास्ती फक्त आमच्याच घरात असते असं नाही. 2013 मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदीचा ठराव मंजूर केला होता.)

शेवटी पुतळा आपाच्याच अंगावर बनवला. जुना, घट्ट, मांडीपर्यंत येणारा टी-शर्ट तिने घातला. आत नेहमीची ब्रा, कारण कुर्ता ज्यावर घालायचा त्यावरच माप हवं. त्यावर मी रुंद चिकटपट्टीचे तीन थर दिले, पहिला आडवा, दुसरा तिरपा, तिसरा उभा. पट्टी ओढून लावायची नाही, नाहीतर माप बारीक येतं. कंबरेची रेषा आणि पुढचा मध्य पेनाने आखून घेतला. तास-दीड तास लागतो, घाम येतो, मधे पाणी पाजावं लागतं. मग पाठीच्या मध्यावरून कात्रीने चिरून ते कवच काढायचं. आतला टी-शर्टही त्याच्याबरोबर कापला जातो. फट पुन्हा चिकटवायची, आत चिंध्या ठासून भरायच्या. आमच्या घरात चिंध्यांना तोटा नाही. खाली कोट टांगायचा जुना स्टँड.

दार लावून आम्ही दोघीच होतो. ऑपरेशननंतर मी तिला तसं पहिल्यांदा पाहिलं, आणि तिनेही स्वतःला बाहेरून पहिल्यांदा पाहिलं ते त्या कवचात. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इस बाजू का टक निकाल दे."

बरोबर होतं. सपाट बाजूला टक लागतच नाही. तिथे पुढच्या भागाची लांबी आणि रुंदी दोन्ही कमी लागतात. उजवा आणि डावा पल्ला वेगवेगळा कापायचा. 'कापड दुमडून एकदम काप' हे क्लासात शिकलेलं विसरायचं.

आता इस्त्री. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, 'काज'ही त्यांचाच. 'अस्तर' फारसी आणि 'कैची' तुर्की. मुलांना हे सांगितलं की ती आपापल्या शर्टाकडे बघायला लागतात.

शिवणारी मंडळी इस्त्री जड घ्या म्हणतात, आणि ते खरं आहे. शिलाई बसते ती वजनाने. इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. बकरम चिकटवताना तर घासलं की संपलंच. पण आपाचा उजवा हात अजून सुजतो, त्या हाताने जड उचलायचं नाही आणि त्या हाताला भाजणं तर अजिबात चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून आम्ही हलकी वाफेची घेतली. वजनाचं काम वाफ बरंचसं करते. ती डाव्या हाताने सावकाश चालवते. वाफेच्या इस्त्रीत कोंढव्यातलं टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. क्षारांनी भोकं बुजतात आणि पांढऱ्या कुर्त्यावर तांबूस डाग पडतात. आम्ही फिल्टरचं घालतो.

टक दाबायला सपाट टेबल चालत नाही, गोलाई हवी. त्यासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पिशवीभर लाकडाचा भुसा आणला, चाळला, जाड सुती कापडाच्या उशीत ठासून भरला. पुतळा नसेल तरी चालेल, पण ही उशी आणि बरी इस्त्री आधी घ्या. घरी शिवलेला कपडा 'घरी शिवल्यासारखा' दिसतो तो बहुतेक इस्त्रीच्या कंटाळ्यामुळे.

ईदेचा कुर्ता झाला. गळा सरळ बसला. उजव्या बाहीचं मात्र अजून जमत नाही. सकाळी हात एक असतो, संध्याकाळी दुसरा. पुतळ्याला हात नाहीत, त्यामुळे तिथे तो काही सांगत नाही. सध्या आम्ही मगरिबनंतर टेप लावतो आणि बाहीला काखेत त्याच कापडाची कळी देतो.