एपकॉटमधला मोरोक्को आणि कोरा चहा

अमेरिकेत येणाऱ्या आईवडिलांना काय काय दाखवायचं याची यादी आता जवळजवळ ठरूनच गेली आहे. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि मुलगी-जावई आमच्यासारखे फ्लोरिडात राहणारे असतील तर डिस्ने. डिस्नेत पुन्हा चार पार्क. त्यातलं एपकॉट हे खास आईवडिलांचं. पोटात गोळा आणणाऱ्या राइड्स कमी आणि फिरणं-खाणं जास्त!

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एपकॉटच्या मागच्या भागात एक मोठं तळं आहे. त्याच्या काठाकाठाने सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि त्या रस्त्यावर अकरा 'देश'. मेक्सिकोत शिरायचं आणि नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड करत कॅनडातून बाहेर पडायचं. व्हिसा नाही, इमिग्रेशनची रांग नाही. भारत मात्र यात नाही. आपल्या वाट्याला काय आलंय, तर डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडममध्ये 'आनंदपूर' नावाचं एक काल्पनिक राज्य. त्यात थोडा भारत, थोडा नेपाळ, थोडं आणखी काही. आमच्या लेकीने (वय वर्षं दहा) एकदा विचारलं होतं, "आपला देश इथे का नाही?" मी म्हटलं, "आपला एवढा मोठा, मावला नसेल." उत्तर तिला पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. असो.

तर ऑक्टोबर 2023. आई पहिल्यांदाच एकटी आली होती. बाबा गेल्याला दीड वर्ष झालं होतं. एपकॉटमध्ये दरवर्षी फूड अँड वाइन फेस्टिव्हल असतो, तो चालू होता. म्हणजे देशोदेशीच्या छोट्या छोट्या टपऱ्या लागतात, प्रत्येक ठिकाणी दोन-चार पदार्थ, तळहाताएवढ्या बशीतून. एक बशी घ्यायची, चौघांनी खायची, पुढच्या देशात जायचं. ही पद्धत आमच्या घराला फार मानवते. आई शाकाहारी, नवरा सर्वभक्षी, लेक फक्त गोड खाणारी आणि मी उरलेलं संपवणारी.

पण त्या दिवशी आईचं कशातच लक्ष नव्हतं. "तुम्ही खा गं, मला नको," हे चीनपासून चाललं होतं. खरं तर अमेरिकेत आल्यापासूनच चाललं होतं. दोन वेळचा दुधाचा चहा आणि अर्धी पोळी, यावर तिचं भागत होतं.

मोरोक्कोच्या दारात आल्यावर मात्र ती थांबली. तिथलं बांधकाम आहेच तसं. एपकॉट सुरू झालं 1982 साली आणि हा मोरोक्को आला दोन वर्षांनी, 1984 मध्ये. त्यासाठी मोरोक्कोचे तेव्हाचे राजे दुसरे हसन यांनी आपल्याकडचे कारागीर पाठवले होते. भिंतींवरच्या त्या रंगीत तुकड्यांच्या नक्षीला झेलिज म्हणतात. फरशा हाताने छिनून त्यांचे लहान लहान तुकडे करायचे आणि ते एकमेकांत बसवायचे. माणसं नाहीत, प्राणी नाहीत, नुसती भूमिती. त्यात कारागीर मुद्दाम कुठेतरी एखादी चूक ठेवतात असं सांगतात, कारण निर्दोष फक्त ईश्वर. लेक लगेच चूक शोधायला भिंतीला नाक लावून उभी!

समोर मराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराची लहान प्रतिकृती आहे. आत गेलं की फेस शहराच्या बाब बुजलूद दरवाज्याची. आता गंमत बघा. ज्याची ही नक्कल तो फेसमधला दरवाजा बघून वाटतं की हजार वर्षं जुना असेल. पण तो उभा राहिला 1913 साली, फ्रेंचांच्या राजवटीत. कुतुबियाचा मिनार मात्र खरोखरच बाराव्या शतकातला.

खाण्याचंही तसंच. टँजेरीन कॅफेच्या खिडकीवरून आम्ही भाजलेला मोरोक्कन पाव घेतला, सोबत तीन प्रकारची चटणी: हमस, चर्मूला आणि झुग. शिवाय नवऱ्यासाठी मसाला लावलेलं मटणाचं कबाब, त्याच्याखाली गाजर आणि काबुली चण्यांची कोशिंबीर (ते लोक सॅलड म्हणतात, पण जिऱ्याचा वास आला की ती कोशिंबीरच). आणि लेकीसाठी पिस्त्याचा केक, वर दालचिनीचं क्रीम.

तीन चटण्यांपैकी खरी मोरोक्कोची एकच, चर्मूला. कोथिंबीर, पार्सली, लसूण, जिरं, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. तिथे ती प्रामुख्याने माशाला लावतात. हमस आला सीरिया-लेबनॉनच्या बाजूने. झुग तर येमेनचा: हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि थोडी वेलची. नवऱ्याने पावाचा तुकडा झुगमध्ये बुडवून आईपुढे धरला. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने खाल्ला. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "अगं, हा तर ठेचा. वेलची कशाला घातली मेल्यांनी?"

त्या ट्रिपमधलं तिचं हे पहिलं मत! मला इतका आनंद झाला की मी आणखी एक बशी आणली.

मग चहा. "मिंट टी" अशी पाटी दिसली आणि आईने नाक मुरडलं. बिनदुधाचा चहा तिच्या लेखी चहाच नव्हे. घरात कुणी कोरा चहा मागितला की ती ग्लास पुढे करायची, पण स्वतः कधी प्यायची नाही. आम्हाला वाटायचं, आवड एकेकाची.

या पुदिन्याच्या चहाची गोष्ट मजेशीर आहे. मोरोक्को म्हटलं की हा चहा डोळ्यांसमोर येतो, पण तो तिथे घराघरात पोचला एकोणिसाव्या शतकात. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात इंग्रज व्यापाऱ्यांची बाल्टिककडची बाजारपेठ बंद पडली आणि त्यांनी चीनचा हिरवा चहा टँजियर आणि मोगादोरच्या बंदरात उतरवला. पानं वळून गोळ्या केलेला तो चहा, बंदुकीच्या दारूसारखा दिसतो म्हणून त्याचं नावही 'गनपावडर'. त्यात तिथल्या लोकांनी आपला पुदिना घातला, भरपूर साखर घातली आणि चहा मोरोक्कोचा झाला. पान चीनचं, व्यापारी इंग्रज, आणि तरी तो आपलाच म्हणायचा, हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

खिडकीत एक पंचविशीतला मुलगा होता. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली मराकेश लिहिलेलं. आईला बघून म्हणाला, "हिंद?" आणि लगेच "शाहरुख खान!" (हे सगळीकडेच होतं, त्याचं नवल नाही.) त्याने कागदी कपात चहा दिला आणि स्वतःच हसून म्हणाला की घरी असा देत नाहीत. घरी चांदीच्या रंगाची किटली असते, काचेचे छोटे ग्लास असतात, आणि किटली खांद्यापर्यंत उंच नेऊन धार सोडायची, म्हणजे वर फेस येतो. फेस नसेल तर पाहुण्याचा मान ठेवला नाही असं होतं. त्याने हातानेच ती धार करून दाखवली. लेक खूश.

मराकेश वाचून मला आठवलं. भूकंपाला जेमतेम महिना झाला होता. 8 सप्टेंबरच्या रात्री, अकराच्या सुमारास, 6.8 तीव्रतेचा. एकोणतीसशेच्या वर माणसं गेली. टीव्हीवर त्या खऱ्या कुतुबियाच्या मिनारातून धूळ उडताना दाखवली होती. तो उभा राहिला, पण वर अ‍ॅटलासच्या डोंगरातली गावंच्या गावं बसली. विचारावं की नाही, मी घुटमळत होते. आईने सरळ विचारलं. तिच्या इंग्रजीत.

"युवर हाउस? मदर?"

तो म्हणाला, शहरातलं घर ठीक आहे. पण आई तेव्हा डोंगरातल्या तिच्या माहेरच्या गावी होती. घर पडलं. आई वाचली, एक मामा गेले. आई अजून तिथेच, तंबूत आहे. शहरात यायला तयार नाही.

आई मला म्हणाली, "त्याला विचार, भिंती दगडमातीच्या होत्या का? आणि वर माळवद?"

माळवदाला इंग्रजीत काय म्हणतात मला सुचेना. सपाट छत, लाकडाच्या तुळया, वर मातीचा थर, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी आणखी माती. मी हातवारे करून सांगत होते आणि तो मान डोलावत होता. हो. हो. अगदी तसंच.

मागे रांग वाढत होती. तो पटकन एवढंच म्हणाला, मी फोन केला की आई आधी मलाच विचारते, चहा झाला का. आणि स्वतः तंबूबाहेर चूल मांडून येईल त्याला चहा देते. पाणी लांबून आणावं लागतं, तरी.

आम्ही तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसलो. आईने तो कप दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, आता ती तो माझ्याकडे देईल. तिने तो पूर्ण प्यायला. घोट घोट घेत, शेवटपर्यंत. साखर तिला चालत नाही, पण त्या वेळी मी काही बोलले नाही.

मग तिने जे सांगितलं ते मी बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आम्ही तेव्हा उमरग्याला होतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी सहावीत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन होऊन गाव नुकतंच झोपलं होतं. आमच्या भिंतीला भेग गेली, एवढंच झालं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मात्र त्या जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं. इतपत मला माहीत होतं. आई शाळेतल्या बाईंबरोबर मदतीला जायची हेही माहीत होतं.

सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये त्या याद्या करत बसायच्या. कोण आहे, कोण नाही. एका बाईचं नाव लिहून झालं. घरात किती माणसं विचारलं तर ती म्हणाली, सात होती, आता मी आहे. आई पुढच्या शेडकडे निघाली तर त्या बाईने हात धरून बसवलं. तीन दगड मांडले, चेपलेल्या पातेल्यात पाणी ठेवलं, कुठूनतरी मिळालेली पत्ती आणि गूळ टाकला. "दूध न्हाई बाई, कोराच घ्या." आईला तो घशाखाली उतरेना. अर्धा कप तसाच राहिला आणि त्या बाईने काही न बोलता तो परत घेतला.

"तेव्हापासून मला कोरा चहा नको वाटायचा," आई म्हणाली. "आज गेला."

मी काय बोलणार? लेक आमच्या दोघींकडे बघत होती. तिने विचारलं, "आजी, त्या बाईंचं नाव काय होतं?" आई बराच वेळ आठवत राहिली. यादीत तिनेच लिहिलं होतं. आठवेना.

एपकॉटवर टीका करणारे पुष्कळ आहेत. प्लॅस्टिकचं जग, देशांची बाहुलीघरं, वगैरे. मीही वेळोवेळी हे म्हटलेलं आहे. पण मग मला आमच्या इथला गणेशोत्सव आठवतो. शाळेच्या कॅफेटेरियात, पडद्यावर शनिवारवाडा रंगवून, वाढताना 'स्पायसी' आणि 'नॉन-स्पायसी' अशा दोन रांगा करून. बाहेरून बघणाऱ्याला तोही एक पॅव्हिलियनच वाटत असणार. पण तिथे दरवर्षी कुणीतरी कुणाला आग्रहाने मोदक वाढतं, आणि ज्याला वाढलं त्याला तो मोदक नकली लागत नाही. त्या मुलाचा चहा कागदी कपातला होता, त्याला फेस नव्हता, आणि वर खोटा मिनार होता. चहा मात्र त्याने दिला, आणि आईने घेतला.

त्यानंतर आई फ्रान्समध्ये क्रेप खाल्ला, इंग्लंडच्या चहाला नावं ठेवली आणि कॅनडात "पाय दुखले" म्हणाली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून पुदिन्याचा वास येत होता. तिने तो दुधाच्या चहात घातला होता. अजिबात चांगला झाला नव्हता, सगळ्यांनी प्यायला.

आता ती पुण्याला परत गेली आहे. फोनवर अजून मधूनच म्हणते, "शिंद्यांपैकी होती का गं ती? की पवार?" शाळेतल्या दोघी-तिघींना विचारून झालं.

मामा, तू तेव्हा पंधरा दिवस तिथे ट्रक घेऊन होतास. शाळेच्या मागची शेड, रस्त्याकडून दुसरी किंवा तिसरी. तुला त्या बाईंचं नाव आठवतंय का? आठवलं तर आईला फोन कर. रात्री उशिरा केलास तरी चालेल.