नवतपातला संगणक

घरातला संगणक ज्या हवेत राहतो, त्या हवेचा होऊन जातो. नागपुरात ही हवा होळीनंतर कोरडी होऊ लागते, एप्रिलमध्ये भाजू लागते, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावर, म्हणजे 25 मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात, दुपारचे रस्ते ओस पडतात. मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान इथे 42 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. 23 मे 2013 रोजी ते 47.9 अंशांवर गेले होते. लॅपटॉप आणि मोबाइलच्या खोक्यातल्या पत्रकावर मात्र अनेक कंपन्या वापरासाठी हवेचे कमाल तापमान 35 अंश छापतात. हे यंत्र ज्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून आखले गेले, त्या खोल्यांना वैशाख माहीत नाही. म्हणून नागपुरात संगणकाची हौस बाळगणाऱ्या माणसाचे पहिले काम नवा प्रोसेसर निवडण्याचे नसते. आहे त्या यंत्राला उन्हाळा सुखरूप पार करू देणे, हे त्याचे पहिले काम.

संगणकाची चिप थंड होते ती भोवतालच्या हवेला आपली उष्णता देऊन. लॅपटॉपमध्ये तांब्याच्या चपट्या नळ्या ही उष्णता चिपवरून उचलून पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि छोटा पंखा खोलीतली हवा ओढून त्या पात्यांमधून बाहेर फेकतो. या साऱ्या खटाटोपात खोलीची हवा हाच पाया असतो. चिप त्या पायाच्या वरच राहते, खाली कधीच जाऊ शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत एखादे काम करताना चिप 75 अंशांवर स्थिरावत असेल, तर तेच काम 42 अंशांच्या खोलीत तिला 92 अंशांच्या जवळ नेते. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच कमी करतात, म्हणजे जळण्यापासून वाचतात. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास संगणक रेंगाळू लागला की घरात व्हायरसचा संशय घेतला जातो, नव्या रॅमचा खर्च काढला जातो. पुष्कळदा कारण एवढेच असते की यंत्राला धाप लागलेली असते. तेच काम पहाटे पाचला केले तर तोच संगणक भराभर चालतो. मोठ्या व्हिडिओंचे रूपांतर, हजारो फोटोंचा बॅकअप, अद्ययावतीकरण अशी तासन्‌तास चालणारी कामे उन्हाळ्यात रात्री लावून ठेवण्याची इथली सवय म्हणूनच शहाणपणाची आहे.

वेगाचे नुकसान संध्याकाळी भरून निघते. झिजेचे निघत नाही. तापमान वाढले की रासायनिक क्रिया किती वेगाने वाढतात याचे समीकरण स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडले. त्यावरून इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ठोकताळा रूढ झाला: तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. यूपीएसमधली 12 व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरीही याच वाटेने जाते. थंड गावात चार-पाच वर्षे चालणारी ही बॅटरी नागपुरात दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मान टाकते, तेव्हा दोष नेहमी बनावटीचाच असतो असे नाही. यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटवून, वर फाइलींचा ढीग ठेवून बंदिस्त केलेला असतो. त्याला चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा दिली तरी फरक पडतो.

उष्णतेचा सोबती म्हणजे धूळ. शहरात अनेक वर्षे चाललेली रस्त्यांची आणि मेट्रोची कामे, उन्हाळ्यातल्या वावटळी, आजूबाजूची वाळलेली काळी माती, सगळे मिळून पंख्याच्या जाळीवर लोकरीसारखा थर बसवतात. सीताबर्डीच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या टेबलांवर मार्च-एप्रिलमध्ये उघडलेल्या लॅपटॉपमधून हा थर चिमटीने उचलून निघतो. तो काढायला ब्लोअर पुरतो, पण झोत मारताना पंख्याचे पाते काडीने किंवा बोटाने अडवून धरावे. मोकाट फिरू दिले तर बेअरिंग बिघडते. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळून खडूसारखी होते. जुन्या लॅपटॉपमध्ये ती बदलून घेण्याचा खर्च थोडा असतो आणि चिपचे तापमान पुष्कळदा लगेच अनेक अंशांनी उतरते. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवेची तोंडे बंद होतात. मागची बाजू दोन बोटे उचलून धरणारा लाकडी ठोकळाही महागड्या कूलिंग पॅडच्या बरोबरीचे काम करतो.

तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअरे आता कोणालाही मिळतात आणि हौशी माणूस त्यांत रमतो. मात्र सेन्सरही बिघडतो, हे नागपूरने एकदा जगाला दाखवले आहे. 30 मे 2024 रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान नोंदवले, ते देशभर बातम्यांत झळकले, आणि मग सेन्सर सदोष असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. आजूबाजूच्या इतर केंद्रांशी आकडा जुळत नव्हता, म्हणून तर चूक ओळखता आली. संगणकाच्या बाबतीतही एकाच आकड्यावर विसंबू नये. पंख्याचा आवाज ऐकावा, बाहेर पडणाऱ्या हवेपुढे तळहात धरावा, कीबोर्डचा वरचा भाग चाचपावा. या तिन्ही खुणा आणि पडद्यावरचा आकडा जुळले तर तो खरा मानावा.

नागपूरचा खरा मित्र कूलर. हवा कोरडी असल्यामुळेच तो इथे एवढा चांगला चालतो: वाळा किंवा लाकडाचे तंतू भरलेल्या जाळ्यांमधून जाताना पाणी वाफ होते आणि हवेतली उष्णता घेऊन जाते. कूलरच्या खोलीत दहा-बारा अंशांचा दिलासा संगणकालाही मिळतो. तरी जागा निवडावी लागते. कूलरच्या थेट झोतात बारीक तुषार येतात. बोअरचे जड पाणी वापरले तर त्यातले क्षार सुकून यंत्रावर पांढरी पूड बसते आणि ती आत गेली की ओलाव्यात विजेला नको त्या वाटा करून देते. झोत खोलीभर फिरू द्यावा आणि संगणक त्याच्या बाजूला ठेवावा. मृगाचा पाऊस पडला की कूलरचे काम संपते. भरलेल्या हवेत तो गारवा देत नाही, फक्त दमटपणा वाढवतो, आणि त्या दिवसांत कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी चढते. भिंगे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

बॅटरीबद्दल गैरसमज फार. सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेल्या आणि 2019 मध्ये आपल्या निर्मात्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सर्वात जास्त झिजवतात: उष्णता, आणि काठोकाठ भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या की झीज फार वेगाने होते. दिवसभर चार्जरला जोडलेला, शंभर टक्के भरलेला, मे महिन्यातल्या खोलीतला लॅपटॉप हे त्याचे रोजचे उदाहरण. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये आणि अनेक मोबाइलमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती निदान मार्च ते जून सुरू ठेवावी. फुटाळा तलावाच्या काठी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत पारा 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तिथे डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला मोबाइल एकाच दुपारी बरेच आयुष्य गमावतो. बॅटरी फुगली तर ती टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जही करू नये. कारागिराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

विजेचे आणि इथल्या मातीचे नाते मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हाताला बारीक झिणझिण्या येतात, त्या बहुधा अर्थिंग नसल्याच्या. दोन पिनांच्या प्लगमुळे किंवा कमकुवत अर्थिंगमुळे चार्जरमधल्या गाळणीतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी यंत्राच्या अंगावर राहतो. महाल आणि इतवारीतल्या जुन्या वाड्यांमध्ये वायरिंग अनेकदा बदलले गेले, पण अर्थिंगच्या खड्ड्याकडे कोणी वळले नाही असे सर्रास दिसते. हा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरलेला असतो आणि तो ओला असेल तरच नीट काम करतो. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात, खड्ड्यातल्या पट्टीभोवतीचा ओलावा जातो आणि विजेला जमिनीत उतरायची वाट अरुंद होते. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगत. तो सल्ला शास्त्राला धरून आहे आणि आजही पाळावा.

त्याच कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते. सिंथेटिक कपड्यांत खुर्चीवरून उठून कोणी रॅमला हात लावला, तर न जाणवणारी ठिणगीही ती चिप मारू शकते. यंत्र उघडण्याआधी कॅबिनेटच्या धातूला हात टेकवावा, सुती कपडे घालावेत. विजा कडाडू लागल्या की संगणकाचा प्लग आणि राउटरला बाहेरून येणारी तांब्याची तार, दोन्ही काढावीत. अनेकजण फक्त पहिला काढतात आणि नुकसान दुसरीतून येते.

यंत्र बदलता येते; त्यातले फोटो, पत्रे, हिशेब, प्रबंध बदलून मिळत नाहीत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की दहा वर्षांचा लॅपटॉपही ताजा होतो, हे खरे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपल्यावर अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस घालणे हा उत्तम मार्ग आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत मराठी नीट चालते. मात्र एसएसडी ही तिजोरी नव्हे. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात राहते आणि तो भार हळूहळू गळतो. लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज न मिळता 30 अंशांत एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. पत्र्याच्या छपराखालच्या नागपुरी कपाटात 30 अंश हा हिवाळ्यातला आकडा. पेनड्राइव्हची कथाही तीच. कपाटातली साठवण दिवाळीत आणि होळीला, वर्षातून दोनदा, काढून जोडावी आणि उघडून पाहावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी: हा जुना नियम इथेही लागू आहे. दुसरे गाव म्हणजे वर्ध्याचा भाऊ किंवा अमरावतीची बहीणही चालते.

आणि ही माहिती ज्या अक्षरांत जपायची, ती लिपी. संगणकावर मराठी उमटवण्याच्या कामाला बळ दिले ते 1988 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सी-डॅक या संस्थेने. तिचे संस्थापक संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातले. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी 1965 मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून घेतली. सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने साध्या पीसीवर देवनागरी आणली. तरीही पुढची कित्येक वर्षे छापखान्यांत आणि घरांत मराठी लिहिले गेले ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवणाऱ्या फॉन्टांत. संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली, विंडोज 2000 सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट आला, आणि मग मराठी अक्षराला सगळ्या यंत्रांत एकच क्रमांक मिळाला. टंकनासाठी इन्स्क्रिप्ट मांडणी शिकावी. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, उच्चाराच्या क्रमाने. आणि तीच मांडणी हिंदीलाही चालते, जी या शहरात अनेकांच्या तोंडी असते. पंधरा दिवसांच्या सरावाने बोटे तयार होतात आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची ओढाताण संपते.

ज्यांच्या घरी, महाविद्यालयात, मंडळाच्या कपाटात त्या जुन्या फॉन्टांतली कागदपत्रे आहेत, स्मरणिका, प्रबंध, कुणाच्या आजोबांचे अप्रसिद्ध लेखन, त्यांनी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. रूपांतर करणारी मोफत साधने आहेत. जोडाक्षरे आणि रफार क्वचित चुकतात, म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून एकदा वाचावे. हे काम आजच करावे, कारण ते फॉन्ट बसवलेले संगणक दरवर्षी कमी होत आहेत.