तुरीचे फूल

‘माझे आवडते फूल’ या विषयावर वर्गात सर्वांनी गुलाब, मोगरा नि कमळ लिहिले. कमळ तर आमच्या गावात कोणी पाहिलेलेही नाही! मी तुरीचे फूल घेतले आहे.

हे फूल पिवळे असते. काही झाडांच्या फुलांना पाठीमागून लाल रेषा असतात. त्याला कोणी देवाला वाहत नाही, वेणीतही घालत नाही. पण दिवाळीनंतर वावर पिवळे पिवळे दिसते.

तूर मूळची आपल्याच देशातली. शास्त्रज्ञ तिच्या प्रजातीला ‘कजानस’ म्हणतात. तिचे मूळ खोल जाते, म्हणून पावसाने ताण दिला तरी ती तग धरते. मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. गळलेल्या पानांचेही खत होते.

यंदा पेरणीआधी आमच्या घरी भांडण झाले. बाबा म्हणाले, “यंदा सारं सोयाबीनच पेरतो. ते चार महिन्यांत निघते. तुरीपायी थंडीत जागल करा, रोही हाकला, अन् भाव नाही.” बाबांचे खोटे नव्हते. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, मग सगळ्यांनी तूर पेरली. २०१७ मध्ये हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारात त्याहून कमीच मिळत होता. तेव्हा बाबा खरेदी केंद्रापुढे पोत्यांवर तीन रात्री झोपले होते.

आजी म्हणाली, “काहून रे, सोयाबीनच्या कुटारानं चूल पेटते काय? तुराटी कोठून आणू? कुडाले काय लावू? अन् पोरं हिवाळ्यात सोलेभात मागतीन तं काय देऊ?”

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘पीकेव्ही तारा’ वाणाचे बी घेऊन आले. हे विद्यापीठ १९६९ साली निघाले. त्याला ज्यांचे नाव आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. सहा तास सोयाबीन अन् दोन तास तूर, असे ठरले.

सोयाबीन केव्हाच निघाले. तुरीला आता फूल लागले आहे. रात्री बाबा जागलीला जातात. दिवस बुडेपर्यंत डबा वाजवायचे काम माझे नि ताईचे. धुवारीने फूल गळते, म्हणून आजी रोज पहाटे अंगणात उभी राहून वावराकडे पाहते.