जयपूर : दोन दिवस, उन्हाच्या घड्याळाने

शनिवार-रविवार जोडून जयपूरला गेलेली कुटुंबे बहुधा एक चूक करतात. आरामात नाश्ता उरकून दहाला बाहेर पडतात आणि आमेरची चढण ऐन उन्हात चढतात. मग आजी सावली शोधतात, मुले पाणी मागतात आणि शीशमहाल घाईत उरकला जातो. शहरापासून ११ किलोमीटरवरचा हा किल्ला सकाळी लवकर गाठावा.

हवामहालही सकाळचाच. १७९९ मध्ये बांधलेली त्याची जाळीदार दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे. दुपारनंतर ती सावलीत जाते.

ऊन हवेच अशी जागा म्हणजे जंतरमंतर! सवाई जयसिंहांच्या या वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. मुलांना ती सरकताना चक्क दिसते. यंत्र स्थानिक वेळ दाखवते, तेव्हा मनगटावरील घड्याळाशी फरक पडला, तर चूक कोणाचीच नाही.

भर दुपारी शेजारच्या सिटी पॅलेसची दालने पाहावीत. नाहरगड संध्याकाळसाठी राखावा. मुलांना सुट्टी असली, तरी मे महिना टाळावा. डिसेंबरात गेल्यास गडावर स्वेटर न्यावा. सूर्य बुडताच गारठा झोंबतो.